सुईनं काय बदलणार?

“पावणं, बरगडीतनं सुई घालून लिव्हरचा तुकडा काढत्यात म्हणं. खरं हाय?”

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एरवी कशाला भिणारे नव्हेत. वेदगंगेला पूर आला की गोठ्यातली जनावरं सोडवायला कमरेएवढ्या पाण्यात उतरणारा माणूस. पण हिपॅटायटिस सी निघाला आणि पाठोपाठ कुणीतरी बायोप्सीचं कानावर घातलं, तशी त्यांची झोप उडाली. रोगापेक्षा तपासणीचीच धास्ती जास्त.

मी मुरगुडात लॅब चालवतो. मिरजेत डीएमएलटी केलं आणि गावाकडं परतलो. रक्त मी काढतो, मशीन मी चालवतो, रिपोर्टावर सही पॅथॉलॉजिस्ट मॅडमची. मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. पण आपल्याकडं रिपोर्ट हातात पडला की माणूस डॉक्टरांच्या आधी काउंटरवरच विचारतो, “काय निघालं?” त्यामुळं ‘बायोप्सी करायची का’ हा प्रश्नही माझ्यापर्यंत येतोच. माझं सांगणं एवढंच असतं : तुकडा काढून जे कळेल, त्यानं पुढचं औषधपाणी बदलणार आहे का, एवढं डॉक्टरांना विचारा. बदलणार असेल तर भिऊ नका. बदलणार नसेल तर सुई कशासाठी?

दाजींचं प्रकरण उघडकीस आलं ते मोतीबिंदूमुळं. ऑपरेशनआधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी अशा तीन तपासण्या होतात. सीच्या कार्डावर रक्ताचा थेंब टाकला की एक रेघ उमटते. ती कंट्रोलची, कार्ड नीट चालतंय एवढंच सांगणारी. दाजींच्या कार्डावर दुसरी रेघही आली, फिकट नव्हे, चांगली ठसठशीत. मी नवं कार्ड फोडून पुन्हा बघितलं. तसंच.

आता या दुसऱ्या रेघेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण निम्मी घबराट इथंच होते. कार्ड विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधतं. म्हणजे हा पाहुणा कधीतरी घरात येऊन गेला एवढं कळतं, अजून मुक्कामाला आहे का ते कळत नाही. लागण झालेल्या शंभरातल्या साधारण तीस जणांच्या शरीरातून तो औषधाविनाच पहिल्या सहा महिन्यांत निघून जातो. उरलेल्यांत तो ठाण मांडतो. म्हणून पुढची तपासणी आरएनएची, जिला लोक व्हायरल लोड म्हणतात. ती निगेटिव्ह आली तर हिपॅटायटिस सीसाठी लिव्हरच्या सुईचा विषयच निघत नाही. दाजींची पॉझिटिव्ह आली.

कुठून आला असेल? १९९४ साली ऊस भरलेली ट्रॉली उलटून दाजींची मांडी मोडली होती. तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं, हे आक्काला अजून आठवतं. हा विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. त्याआधी डॉक्टर त्याला ‘ए नाही, बी नाही’ असला हिपॅटायटिस म्हणत. त्याचा छडा लावणाऱ्या हार्वे आल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं. पण आपल्या देशात रक्तपेढीतल्या प्रत्येक पिशवीची सीसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्याआधी ज्यांना रक्त चढलं, त्या सगळ्यांनी एकदा हे कार्ड करून घ्यावं, असं मी समोर येईल त्याला सांगतो. डायलिसिसवाले, जत्रेत गोंदवून घेतलेले, एकाच सुईनं सगळ्यांना टोचायच्या काळात इंजेक्शनं घेतलेले, हेही त्यातच आले. आपल्याकडं थंडीतापातसुद्धा “एक सुई टोचा की डॉक्टर” म्हणणारे कमी नाहीत. त्या टोचण्यांचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

“अमिताभला झालेली तीच का ही?” आक्कानं विचारलं. ती नव्हे. १९८२ च्या ‘कुली’च्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून अमिताभ बच्चन यांच्या शरीरात शिरला तो हिपॅटायटिस बी. त्यानं लिव्हरचा ७५ टक्के भाग निकामी झाल्याचं त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं आहे. बीला लस आहे, पण तो मुळासकट घालवणारं औषध अजून नाही. सीचं बरोबर उलटं. लस नाही, औषध मात्र पक्कं आहे.

आक्कानं तोवर दाजींचं ताट-तांब्या वेगळा केला होता आणि भाजीतली हळद बंद केली होती. कावीळ म्हटली की पिवळं वर्ज्य! शेजारच्या एकानं काविळीची माळही आणून दिली होती. डोक्यावर घातली की हळूहळू लांबत पोटापर्यंत येते आणि रोग ओढून घेते, अशी समजूत. ती माळ लांबते ती देठ वाळून गाठी सैल पडतात म्हणून. शिवाय सी झालेल्या बहुतेकांना कावीळ होतच नाही, डोळे पिवळे पडत नाहीत, काही दुखत नाही. एका ताटात जेवल्यानं, पाण्यानं हा पसरत नाही. रक्तातून रक्तात जातो. तेव्हा ताट एक राहू दे, दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेव, असं आक्काला बजावलं. हळद परत सुरू झाली.

आता बायोप्सीकडं वळू. दाजींच्या कानावर आलेलं खोटं नव्हतं, जुनं होतं.

लॅब सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत हिपॅटायटिस सीचा एक पेशंट दर पंधरा दिवसांनी माझ्याकडं यायचा. त्याला आठवड्याला एक पेगिलेटेड इंटरफेरॉन टोचायचे, जोडीला रायबाविरिनच्या गोळ्या. इंजेक्शन थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून कोल्हापूरहून एसटीनं यायचं. टोचलं की दोन दिवस हुडहुडी, ताप, अंगदुखी. पांढऱ्या पेशी घसरत जायच्या, हिमोग्लोबिन उतरायचं, माणूस चिडका व्हायचा, मधेच रडायचा. विषाणूच्या जातीप्रमाणं हे चोवीस किंवा अठ्ठेचाळीस आठवडे. खर्च लाखांच्या घरात. आणि एवढं सोसून गुण येईलच याची खात्री नाही. भारतात जास्त आढळणाऱ्या तिसऱ्या जातीला यश बरं मिळायचं, पहिल्या जातीत निम्म्यांच्या आसपास.

अशा औषधाआधी डॉक्टर बायोप्सी सांगत, ते त्या वेळी शंभर टक्के बरोबर होतं. लिव्हरवर व्रण किती पडलेत हे बघून ठरवायचं, की हे हाल आत्ताच काढायचे की चांगलं औषध येईतो थांबायचं. व्रणांची प्रत एफ-० ते एफ-४ अशी लावतात. एफ-० म्हणजे व्रण नाहीत, एफ-४ म्हणजे सिरॉसिस, लिव्हर गाठीगाठीचं होऊन गेलेलं. एफ-१ निघालं तर पुष्कळदा थांबायचे, एफ-२ च्या पुढं गेलं की इंटरफेरॉन. सुईच्या उत्तरावर सगळं ठरायचं.

मग औषधच बदललं. सोफोसबुवीर ही गोळी डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिथं एका गोळीला हजार डॉलर, बारा आठवड्यांचे चौऱ्याऐंशी हजार! पुढच्या वर्षी मूळ कंपनीनं भारतीय कंपन्यांना परवाने दिले आणि २०१५ च्या मार्चमध्ये हैदराबादच्या नाटकोनं अठ्ठावीस गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना बाजारात आणली. पुढं किमती आणखी उतरल्या. जोडीला डॅक्लाटासवीर आलं, मग वेल्पाटासवीर. तोंडानं घ्यायच्या गोळ्या, त्रास नगण्य, शंभरात पंच्याण्णवच्या आसपास बरे. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासण्या आणि औषधं फुकट मिळू लागली. आता आरएनए पॉझिटिव्ह आला की एफ-१ असो वा एफ-४, औषध द्यायचंच. थांबायचं की नाही, हा प्रश्नच निकालात निघाला आणि त्याच्याबरोबर बायोप्सीचं मुख्य कारणही.

इथं मात्र लोकांची दुसरी गफलत होते. सुई टळली म्हटल्यावर त्यांना वाटतं, लिव्हर किती बिघडलंय ते बघायचीही गरज नाही. गरज आहे. सिरॉसिस असेल तर गोळ्यांची जोडी बदलू शकते. पोटात पाणी झालं असेल तर आणखी वेगळा हिशेब. आणि सिरॉसिस झालेल्या लिव्हरमध्ये विषाणू गेल्यावरही कॅन्सरचा धोका राहतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कायमची मागं लागते. व्रण मोजायचेच आहेत. फक्त ते आता बहुतेकांत सुईविना मोजता येतात.

पहिलं माप तर माझ्याच लॅबमधून निघतं. एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि वय, एवढं असलं की झालं. लिव्हर कडक झालं की प्लीहा वाढते आणि प्लेटलेट कमी होत जातात, त्यावर ही सूत्रं बसवली आहेत. दाजींचं वय ५८, एसजीओटी ६२, एसजीपीटी ७१, प्लेटलेट १ लाख ३८ हजार. पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड केली. अप्री नावाचं सूत्र आहे, त्यात २ च्या वर गेलं तर सिरॉसिसचा दाट संशय. दाजींचं १.१२ आलं. दुसरं सूत्र फिब-४ : १.४५ च्या खाली असेल तर फारशी काळजी नाही, ३.२५ च्या वर असेल तर व्रण बरेच. दाजींचं ३.०९. दोन्ही अधांतरी. सगळे आकडे एका बाजूला पडले असते तर मला हा लेख लिहायचं कारणच उरलं नसतं.

पुढची पायरी फायब्रोस्कॅन. पोटतज्ज्ञांनी तो कोल्हापुरात करायला सांगितला. सोनोग्राफीसारखाच प्रकार, पण त्यातला दांडा बरगड्यांच्या मधून हलका ठोका मारतो आणि ती लाट लिव्हरमधून किती वेगानं गेली ते मोजतो. लिव्हर जितकं ताठ, तितकी लाट जोरात. उत्तर किलोपास्कलमध्ये. फ्रान्समध्ये २००३ च्या सुमारास हे यंत्र निघालं. सकाळच्या गाडीनं गेलो. तिथल्या मुलीनं पहिलंच विचारलं, “काका, काही खाल्लंय का?” दाजी म्हणाले, “मिसळ खाल्ली की. तीन पाव.” झालं! जेवणानंतर लिव्हरकडं रक्त वाढतं आणि आकडा फुगतो, त्यामुळं तीन तास तरी पोट रिकामं लागतं. रंकाळ्यावर जाऊन बसलो. दाजींची भेळेच्या गाड्यांकडं नजर गेली की मी त्यांना पाणी दाखवत होतो.

दुपारी उजवा हात डोक्यामागं घेऊन झोपवलं, जेल लावलं, टक टक दहा ठोके. दहा आकड्यांतला मधला धरतात आणि आकड्यांत फार तफावत नाही ना हेही बघतात. १०.४ आला. निरोगी लिव्हर पाचच्या आसपास असतं. साडेनऊच्या वर एफ-३ आणि साडेबाराच्या वर एफ-४, असा ढोबळ मानानं सीसाठीचा अंदाज. म्हणजे दाजी सिरॉसिसच्या उंबऱ्यावर, आत की बाहेर ते नक्की नाही.

आता सुई घालून सोक्षमोक्ष लावायचा का? मी ठरवल्याप्रमाणं विचारलं, “डॉक्टर, बायोप्सीत एफ-३ आलं तर काय करणार आणि एफ-४ आलं तर काय?” डॉक्टरांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “दोन्हींत तेच. मी सिरॉसिस धरूनच गोळ्या देणार आणि सोनोग्राफी सहा महिन्यांनी दोन्हींत करायला लावणार. मग कशाला टोचू?” दाजी तोपर्यंत खुर्चीच्या कडेवर बसले होते, ते मागं टेकले.

डॉक्टरांनी आणखी एक कारण सांगितलं, ते मला पटलं. सुईत येतो तो तुकडा सगळ्या लिव्हरचा जेमतेम पन्नास हजारावा भाग. तोडणी लावायच्या आधी कारखान्याचा माणूस फडातून एखादा ऊस काढून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स बघतो. बांधाकडचा ऊस निघाला तर आकडा वेगळा, मधला निघाला तर वेगळा, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लिव्हरमध्येही व्रण सगळीकडं सारखे नसतात. म्हणून बायोप्सीत सिरॉसिस दिसला तर तो आहेच, पण दिसला नाही म्हणून नाहीच, असं छातीठोक सांगता येत नाही.

गोळ्या सरकारी केंद्रातून मिळाल्या, सोफोसबुवीर आणि वेल्पाटासवीर, रोज एक, बारा आठवडे. त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालेली असणं महत्त्वाचं, कारण सीला हाकलताना आत दडलेला बी कधी कधी डोकं वर काढतो. आणि दाजींच्या खिशात कायम असणारी ॲसिडिटीची गोळी! वेल्पाटासवीर पोटात नीट शोषलं जायला आम्ल लागतं, त्यामुळं ती डॉक्टरांनी बंद करायला लावली. हे पेशंट आपण होऊन सांगत नाहीत, कारण ॲसिडिटीच्या गोळीला कुणी औषध समजतच नाही. तांबडा-पांढरा चालेल का, हे मात्र दाजींनी तीनदा विचारलं. चालेल, दारू थेंबभर चालणार नाही, असं उत्तर मिळालं.

गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी आरएनए केला. विषाणू सापडला नाही. याला बरं होणं म्हणतात. कार्डावरची दुसरी रेघ मात्र जन्मभर उमटत राहणार, प्रतिपिंडं जात नाहीत. त्यामुळं पुढं कुठल्याही ऑपरेशनआधी कार्ड पॉझिटिव्ह आलं तर घाबरायचं नाही, आरएनएचा रिपोर्ट दाखवायचा. दाजींकडं त्याच्या झेरॉक्स आहेत.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, बायोप्सी आता इतिहासजमा झाली. तसं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

आमच्याच भागातल्या एक वहिनी. चाळिशीच्या. त्यांनाही सी, गोळ्या झाल्या, आरएनए निगेटिव्ह. पण एसजीपीटी काही खाली येईना. दर महिन्याला रक्त मीच काढत होतो : १४०, १६५, १५२. विषाणू नाही, दारू नाही, झाडपाल्याचं औषध नाही, सोनोग्राफीत चरबी नाही. एएनए तपासणी जोरात पॉझिटिव्ह, आयजीजी वाढलेलं. शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटलंय, असा डॉक्टरांना संशय आला. त्यावरचं औषध स्टेरॉइडचं, वर्षानुवर्षं घ्यायचं. नुसत्या संशयावर ते सुरू करायला डॉक्टर तयार नव्हते. फायब्रोस्कॅन इथं काय सांगणार? लिव्हर किती ताठ आहे ते तो सांगतो, कशानं बिघडलंय ते नाही. इथं ‘उत्तरानं काय बदलणार’ या प्रश्नाचं उत्तर ‘सगळंच’ असं होतं.

वहिनींच्या यजमानांनी मला सोबत नेलं. आदल्या दिवशी पीटी-आयएनआर आणि प्लेटलेट बघून ठेवले होते, रक्त गोठत नसेल तर अशी सुई घालत नाहीत. पोटात पाणी असेल किंवा रक्त पातळ असेल तर मानेतल्या शिरेतून लिव्हरपर्यंत जाऊन तुकडा घ्यायची वेगळी पद्धत आहे. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधीच सांगायला हवं. सकाळी त्यांना उताणं झोपवलं, उजवा हात डोक्यामागं. सोनोग्राफीनं बरगड्यांमधली जागा धरली, भुलीचं इंजेक्शन दिलं. “श्वास सोडा… धरून ठेवा.” स्टेपलरसारखा खटका वाजला, आणि सुई बाहेर. मेंघिनी नावाच्या इटालियन डॉक्टरनं १९५८ मध्ये एका सेकंदात होणारी लिव्हर बायोप्सी दाखवली, तेव्हापासून आत सुई राहण्याचा वेळ एवढाच. बाकीचा दिवस पडून राहण्याचा. दोन तास उजव्या कुशीवर, मग संध्याकाळपर्यंत नाडी आणि बीपी बघत. वहिनींचा उजवा खांदा दुखू लागला तशा त्या घाबरल्या. पोटाला टोचलं आणि खांदा कसा दुखतो? लिव्हरच्या वरच्या पडद्याची आणि खांद्याची जाणीव एकाच वाटेनं मेंदूकडं जाते, म्हणून. एका गोळीनं थांबलं. जोराचा रक्तस्राव हजारात एखाद्यालाच होतो, जिवावर बेतणं दहा हजारांत एखाद्याच्या वाट्याला किंवा त्याहून कमी. धोका लहान आहे, पण आहे, आणि म्हणूनच कारण असल्याशिवाय तो पत्करायचा नसतो.

फॉर्मेलिनच्या बाटलीतला तो तुकडा मी बघितला. दोन सेंटिमीटरचा, शिवायच्या दोऱ्याएवढा, तांबूस. तळाशी जाऊन वाकडा पडलेला. पुढं मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढतात आणि रंगवतात. एका खास रंगात व्रण निळे दिसतात. मिरजेत शिकत असताना सूक्ष्मदर्शकाखाली मी असे निळे पट्टे बघत बसायचो, सर ओरडेपर्यंत. वहिनींच्या कापांत निळं फार नव्हतं, पण प्लाझ्मा पेशींचे थवेच्या थवे होते, लिव्हरच्या पेशींना कडेनं कुरतडत बसलेले. निदान झालं, ऑटोइम्यून हिपॅटायटिस. प्रेडनिसोलोन सुरू झालं, मग ॲझाथायोप्रिन. गेल्या महिन्यात त्यांचा एसजीपीटी ३८ आला. रिपोर्ट न्यायला यजमान आले होते. पुढच्या महिन्याचं रक्त अमावस्येला पडतंय आणि त्या दिवशी आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जायचं आहे, तर एक दिवस अलीकडं आलं तर चालेल का, एवढंच त्यांनी विचारलं. चालेल म्हटलं.